लेबर रूममधली उतरंड

"अंगावरून जातंय." ठाणे जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहांत रोज कानावर पडणारं हे वाक्य. त्याचे निदान तीन अर्थ होतात: पांढरं जातंय, अधूनमधून डाग दिसतोय, किंवा रक्त थांबत नाही. पहिल्यासाठी उद्याच्या ओपीडीपर्यंत थांबलं तरी चालतं, तिसऱ्यात मिनिटं मोजायची असतात. भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबातली उत्तर प्रदेशची बाई "पैर भारी है" म्हणते तेव्हा ती गरोदर असल्याचं सांगत असते; ऐकणारी मात्र वाकून तिच्या पायाची सूज दाबून बघू लागते. उलट बाजूनेही तेच. "खाडा झालाय", "दिवस गेलेत", "पाणमोट फुटली", "वार अजून पडली नाही", "मोकळी झाली" ही आपल्याला घरची वाटणारी मराठी नव्याने आलेल्या मल्याळी सिस्टरला कुठल्या वर्गात शिकवलेली नसते. 'वार' म्हटल्यावर तिला सोमवार-मंगळवार आठवला तर दोष तिचा नाही.

म्हणूनच प्रश्न नेमका विचारावा लागतो. "खूप जातंय का?" याला काही अर्थ नाही, "कापड किती वेळात भिजलं?" याला आहे. बाळंतपणानंतर लगेच एक कापड पाच मिनिटांच्या आत भिजत असेल तर तो अतिरक्तस्राव, हा ठोकताळा कुठल्याही भाषेत चालतो. पण बाईला उत्तर द्यावंसं वाटलं पाहिजे आणि ते समोरचीला कळलं पाहिजे. रक्तदाब १४०/९० च्या पुढे गेलेल्या गरोदर बाईला डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखतं का, हे झटके येण्याच्या आधी विचारायचं असतं. तिथे गफलत झाली की मग झटके आवरणारं मॅग्नेशियम सल्फेट आलं: पुढच्या रुग्णालयात पाठवण्याआधी प्रत्येक कुल्ल्यात ५ असं मिळून १० ग्रॅम, खोल स्नायूत. औषध कपाटात असतं. चुकतो तो त्याआधीचा संवाद.

प्रसूती आणि प्रजनन आरोग्याच्या सेवेत सगळ्या जाती-जमातींची, भाषांची, धर्मांची माणसं हवीत, हे हल्ली तोंडदेखलं तरी सगळे मान्य करतात. पण ती कुठल्या पायरीवर हवीत, याबद्दल कुणी बोलत नाही. आमचं म्हणणं असं की ठाणे-नवी मुंबईच्या रुग्णालयांत विविधतेचा तुटवडा नाही; ती उतरंडीसारखी रचली गेली आहे. सगळ्यांत खाली लादी पुसणारी, वार उचलून पिवळ्या पिशवीत टाकणारी कंत्राटी मावशी. तिच्यावर आशाताई, मग एएनएम म्हणजे सहायक परिचारिका, मग जीएनएम हा परिचारिकेचा पूर्ण अभ्यासक्रम झालेली सिस्टर, टोकाला स्त्रीरोगतज्ज्ञ. वस्तीतली, पाड्यावरची, नाक्यावरची माणसं खालच्या मडक्यांत सापडतात. निर्णय वरच्या मडक्यात शिजतो. बाळंत होणाऱ्या बाईशी तिच्या बोलीत बोलणारी एकमेव व्यक्ती कितीदा तरी ही मावशीच असते. तिला काय कळलं हे केसपेपरवर येत नाही, कारण तिने केसपेपरला हात लावायचा नसतो.

जिल्हा कसा आहे ते आधी बघू. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि जव्हार-मोखाडा तिकडे गेले. तेव्हापासून 'ठाण्यात आता आदिवासी प्रश्न उरला नाही' असा एक सोयीस्कर समज झाला. शहापूर तालुका आजही अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड आणि भिवंडीचा काही भागही. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी इथे आहेत. त्यांतले कातकरी केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये येतात. खुद्द ठाणे शहराच्या हद्दीत येऊरचे पाडे आहेत. भिवंडीत उत्तर भारतीय आणि तेलुगू विणकर, मुंब्र्यात उर्दू, उल्हासनगरात सिंधी, नवी मुंबईच्या मूळ गावांत आगरी-कोळी, तुर्भ्याच्या दगडखाणींच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या खडी फोडणारी स्थलांतरित कुटुंबं. सात तालुक्यांच्या या जिल्ह्यात एका लेबर रूममध्ये एका रात्रीत पाच भाषा येणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

राज्याचा माता मृत्युदर २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार लाखामागे ३३ होता, देशाचा ९७. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. पण तो राज्याचा आहे, पाड्याचा नाही. त्यात जमात, भाषा किंवा वस्ती असे रकाने नसतात. माता व बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तगट, हिमोग्लोबिन, लशी सगळं लिहिलं जातं. ही बाई घरी कुठली भाषा बोलते हे लिहायला जागा नाही. मोजलंच नाही तर मागायचं कशाच्या जोरावर?

हा वाद आपल्याकडे तसा जुना आहे, आणि त्याचा एक धागा याच जिल्ह्यातल्या कल्याणशी जुळतो. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचं, म्हणजे आनंदीबाईंचं, पहिलं मूल दहा दिवसांत गेलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर (सेरामपूर) कॉलेजात त्यांनी भाषण केलं तेव्हा मुद्दा हाच होता: इथल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून इथल्याच बायका डॉक्टर व्हायला हव्यात. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांना एम.डी. मिळाली. आज स्त्रीरोग विभागात बाई डॉक्टर असणं इतकं सवयीचं झालं आहे की तो युक्तिवाद होता हेही आपण विसरलो. मात्र आनंदीबाईंच्या वाक्यातल्या 'बायका' या शब्दाच्या जागी 'कातकरी' किंवा 'मुंब्र्याच्या' असं घातलं की लगेच गुणवत्तेचा प्रश्न निघतो.

त्या प्रश्नाला बगल देऊ नये. अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर गोऱ्या मातांच्या सुमारे तीन पट आहे, आणि त्यामुळे तिथे आरोग्यसेवेतल्या विविधतेवर पुष्कळ संशोधन होतं. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या जन्मांच्या नोंदींवरून एक अभ्यास आला: कृष्णवर्णीय नवजातांची काळजी कृष्णवर्णीय डॉक्टरने घेतली तर मृत्यूंमधली दरी बरीच कमी होते. तो जगभर गाजला. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या, अतिशय कमी वजनाची बाळं हा घटक हिशेबात धरला, आणि तो परिणाम जवळजवळ विरून गेला. अतिगंभीर बाळं जास्त करून गोऱ्या तज्ज्ञांकडे जात होती, म्हणून त्यांचे आकडे वाईट दिसत होते. विविधतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लपवू नये. डॉक्टर रुग्णाच्याच जातीचा असला की जीव वाचतो, असली जादू कुठेही सिद्ध झालेली नाही आणि आपल्याला ती नकोही आहे.

भक्कम पुरावा आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. प्रसूतीच्या कळांमध्ये बाईजवळ सतत कुणीतरी आधाराला असेल तर सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ थोडा आखडतो, अनुभवही कमी कडू राहतो. वीसहून जास्त चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात हे दिसलं आहे. आधार म्हणजे काय, तर हात धरणं, पाठ चोळणं, पुढे काय होणार ते सांगणं. यातलं तिसरं काम मुक्याने होत नाही.

माता मृत्यूंच्या चर्चेत तीन उशिरांची मांडणी नेहमी येते: घरातून निघायचं ठरवण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. १०८ ची रुग्णवाहिका दुसऱ्यावर उपाय आहे. पहिल्या आणि तिसऱ्यावर माणसंच लागतात. मागच्या खेपेला "तेव्हा नाही का रडलीस?" असं ऐकून आलेली बाई यावेळी कळा अगदी असह्य होईपर्यंत निघत नाही. तिसऱ्या उशिरात दुभाषा कोण होतं ते बघा. नवरा असेल तर त्याला पाळीच्या तारखा ठाऊक नसतात. सासू असेल तर आधीचा गर्भपात हमखास गळतो. दहा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या तोंडून आईच्या रक्तस्रावाबद्दल विचारणं हेच मुळात चुकीचं आहे. आणि मावशी असेल तर ती एका हाताने बेडपॅन धरून उत्तर देत असते.

मग एक कातकरी सिस्टर नेमली की प्रश्न सुटला? इथे साधा हिशेब करायला हवा, जो भरतीच्या घोषणा करणारे करत नाहीत. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या २१. एक सिस्टर आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे ती भाषा आठवड्यातल्या २१ पैकी १५ पाळ्यांमध्ये गैरहजर. चोवीस तास एक तरी माणूस हवं असेल तर कागदावर साडेतीन, आणि रजा, प्रशिक्षण, सिस्टरचं स्वतःचं बाळंतपण धरलं तर पाच जणी लागतात. एका भाषेला पाच. पाच भाषांना पंचवीस जणी कुठल्याच ग्रामीण रुग्णालयाला मिळणार नाहीत. शिवाय जी एक असते तिचे हाल होतात: स्वतःची खाट सोडून "जरा इकडे ये, ही काय म्हणते बघ" म्हणून तिला दिवसभर पळवलं जातं, आणि या कामाचा ना भत्ता, ना नोंद, ना बढतीत गुण. वर्षभरात तीच बदली मागते.

त्यामुळे काम दोन पातळ्यांवर चालावं लागेल. तातडीचं काम वेळापत्रकाचं: प्रत्येक लेबर रूममध्ये कुणाला कुठली भाषा येते याचा तक्ता भिंतीवर लावायचा, त्यात मावशी आणि सुरक्षारक्षकही धरायचे, आणि इन्चार्ज सिस्टरने पाळ्या लावताना एकाच भाषेच्या दोघी एकाच पाळीत पडणार नाहीत हे पाहायचं. पाळीत नसलेल्यांसाठी शेजारच्या केंद्रांसह फोनवरच्या दुभाष्यांची यादी, आणि त्या फोनचे पैसे. याला फार खर्च नाही. भिंतीवरच्या तक्त्यात मावशीचं नाव येणं हीच उतरंडीला लागलेली पहिली चीर असेल.

दुसरं काम शिडीचं, आणि खरी अडचण तिथे आहे. आशा योजना २००५ मध्ये आली. निवडीचं वय २५ ते ४५, साधारण हजार लोकसंख्येमागे एक, आदिवासी भागात पाड्यामागे एक. गर्भवती हुडकणं, नोंद करणं, दवाखान्यात सोबत जाणं, बाळंतपणानंतर घरभेटी. वीस वर्षांत या बायकांनी जे शिकलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा कमी नाही. पण सरकारदरबारी ती 'स्वयंसेविका'. तिने एएनएम व्हायचं म्हटलं तर बारावी हवी आणि वय ३५ च्या आत हवं. तिशीत आशा झालेल्या बाईच्या गाठीशी दहा वर्षांचा अनुभव जमतो तोवर दार बंद झालेलं असतं. अनुभव वाढत जातो तशी पात्रता संपत जाते, असा हा नियम. आशांसाठी ही वयोमर्यादा ४५ पर्यंत नेणं आणि एएनएमच्या शाळांत त्यांच्या जागा राखणं, एवढ्याने जिल्ह्यातली पहिली पायरी उघडेल.

पुढची पायरी जीएनएमची, तीन वर्षांची. तिथे बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात. आश्रमशाळेतली ठाकूर मुलगी काय, भिवंडीच्या उर्दू माध्यमातली अन्सारी मुलगी काय, दोघी अडतात त्या इंग्रजीवर. अडल्या नाहीत तर पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकापुढे गळपटतात. त्या हुशारीत कमी नसतात. 'प्लॅसेंटा' म्हणजे वार आणि 'युटेरस' म्हणजे गर्भपिशवी हे जोडून देणारं कुणी नसतं. प्रवेशाआधी तीन महिन्यांचा पूर्ववर्ग, मराठी-उर्दूतून समजावणी आणि इंग्रजीतून संज्ञा, एवढं पुरेसं आहे. बिनमोबदला मात्र नको. या तीन महिन्यांत घरात मजुरी येत नाही, म्हणून विद्यावेतन पहिल्या दिवसापासून हवं. शिष्यवृत्ती वर्ष संपता संपता खात्यात जमा होते. तोवर मुलगी भात कापायला घरी परतलेली असते. जात पडताळणीच्या प्रमाणपत्राचंही तेच, आणि कातकऱ्यांच्या बाबतीत तर जन्मदाखल्यापासून सुरुवात.

मग वाहतूक. रात्रपाळीला यायचं किंवा संध्याकाळची पाळी आठला संपवून घरी जायचं, तर मुरबाडला रेल्वे नाही, शहापूरचं स्टेशन म्हणजे आसनगाव, तेही शहापूर गावाबाहेर, आणि भिवंडी रोडवर लोकल धावत नाही. ज्या मुलींना आपण आणू म्हणतो त्या नेमक्या इथेच राहतात. वसतिगृहाच्या खाटा न वाढवता जागा वाढवल्या तर त्या जागा ठाणे-कल्याणच्या मुलींनाच मिळतात, आणि मग "आदिवासी मुली येतच नाहीत हो" असा शेरा फायलीवर पडतो.

अनुसूचित क्षेत्रातल्या भरतीचं वेगळंच त्रांगडं. पेसा हा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा; त्या क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखलेल्या 'पेसा पदां'मध्ये आरोग्यसेविकाही आहेत. ती भरती न्यायालयीन वादात रखडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि इतर आदिवासी आमदारांनी मंत्रालयाच्या जाळीवर उड्या मारल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पेसा भरतीही होती. लोकांना उडी लक्षात राहिली. डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे. तिथली आरोग्यसेविकेची एक खुर्ची रिकामी राहिली तर त्या ३,००० जणांना बाळंतपणाआधी तपासणारं गावात कुणी उरत नाही, हे लक्षात राहत नाही.

शिडीच्या वरच्या टोकाला काय आहे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. केंद्राने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली: जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना १८ महिन्यांचं प्रशिक्षण, आणि कमी जोखमीची बाळंतपणं त्यांच्याच जबाबदारीवर चालवणारे स्वतंत्र कक्ष, डॉक्टरांच्या लेबर रूमला लागून. आपल्या भाषेत याला सुईण म्हणायला लोक कचरतात, कारण 'सुईण' म्हणजे अडाणी असं शंभर वर्षं शिकवलं गेलं. पण निर्णयाचा अधिकार असलेली, तरीही बाईच्या उशाशी बसणारी ही एकच पायरी आहे. पाड्यावरची मुलगी इथवर पोचली तर उतरंड खरोखर हलेल. ती एएनएमवरच थांबली तर आपण फक्त खालच्या मडक्यांची संख्या वाढवली.

या युक्तिवादावरचा सर्वांत खरा आक्षेप गुणवत्तेचा नाही, गुप्ततेचा आहे. लग्न न झालेल्या मुलीला दिवस गेले, तर तिला आपल्याच पाड्याची आशाताई किंवा आपल्याच मोहल्ल्याची सिस्टर समोर नको असते. ओळखीची नजर हीच तिची भीती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात कायद्यात नाव उघड करण्यावर शिक्षेची तरतूद आहे, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या टप्प्यात अविवाहित स्त्रियांनाही सामावून घेतलं. कायदा असून मुलगी कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयात न जाता नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या घेते, त्यामागे ही ओळखीची भीतीही आहे. आपल्यातूनच वर गेलेली बाई कधीकधी जास्तच फटकारते, हेही खरं. म्हणून 'ज्याची त्याची नर्स' अशी वाटणी करणं धोक्याचं. बाईला आपलीही मिळावी आणि परकीही निवडता यावी, इतकी मिसळ हवी. निकालातल्या 'स्त्री' शब्दाच्या व्याख्येत न्यायालयाने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या इतर व्यक्तींनाही धरलं. त्यांच्यासाठी आपल्या नोंदणी खिडकीवर अजून रांगसुद्धा नाही.

पुरुषांबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी कुटुंबनियोजनाचा आधार म्हणून स्वतःची नसबंदी सांगितली, नवऱ्याची ०.३ टक्क्यांनी. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सोपी असते. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरून मग वीर्यतपासणी करावी लागते. हे न सांगितल्याने गर्भ राहतो, संशय बायकोवर जातो आणि वस्तीत पुढची दहा वर्षं कुणी तयार होत नाही. तांबी असो, गर्भनिरोधाचं अंतरा इंजेक्शन असो, समजावणारी बाई आणि ऐकणारीही बाई. यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन पुरुषांशी बोलणारा, त्यांच्याच भाषेचा पुरुष समुपदेशक ही चैन नाही.

आणि वीटभट्ट्या. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर उतरतात ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. गरोदर बाईचं कार्ड घरच्या पाड्यावर, तिची आशाताई तिथेच, आणि भट्टीजवळच्या आशाच्या यादीत तिचं नाव नाही. या सहा-सात महिन्यांसाठी प्रत्येक भट्टीसमूहावर तिथल्याच कातकरी बायांमधून एक हंगामी आशा नेमता येते. अक्षरओळख जेमतेम असली तरी रक्तदाबाचं यंत्र, लोहाच्या गोळ्यांची मोजदाद, धोक्याची लक्षणं आणि एक फोन एवढं ती शिकते. शिक्षणाची अट तिच्यासाठी शिथिल करावी लागेल आणि मानधन दरमहा ठरलेलं द्यावं लागेल, कारण भट्टीवर उचल घेतलेली बाई प्रोत्साहन भत्त्याची वाट बघत एक दिवसाच्या विटा सोडू शकत नाही. नेमणुकीचा आदेश नवरात्रात निघाला तर प्रशिक्षण दिवाळीआधी होतं. जानेवारीत निघाला तर तोवर पहिली दोन-चार बाळंतपणं भट्टीशेजारच्या खोपीत झालेली असतात.